एकादशी नेमकी कधी, हे आकाशाला विचारणारे टिळकांचे मास्तर : केरूनाना छत्रे

हिंगोली जिल्ह्यातलं डोंगरकडा. आषाढी एकादशी झाली की या जिल्ह्यातल्या वारकऱ्यांना वेध लागतात ते पुढच्या, म्हणजे आषाढ वद्य एकादशीचे. त्या दिवशी नामदेव महाराजांच्या नर्सीला परतवारी भरते. त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. तिथं महाशिवरात्रीला मध्यरात्रीच्या पूजेची वेळ साधायची असते.

आता ही एकादशी कधी, शिवरात्र कधी, हे ठरवतं कोण?

भिंतीवरचं कॅलेंडर. आणि कॅलेंडरला ते सांगतं पंचांग. आज आपण पान उलटतो, तारीख बघतो आणि विषय संपतो. तारखेवर कुणाला शंका येत नाही.

पण साधारण दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या गणिताच्या एका प्राध्यापकाने महाराष्ट्राला सांगितलं होतं की तुमचं पंचांग चुकलंय. तुम्ही ज्या वेळेला एकादशी लागली म्हणून धरता, त्या वेळेला आकाशात एकादशी लागलेलीच नसते. संक्रांतीचा दिवससुद्धा चुकतोय.

हे सांगणारा माणूस देवधर्म मोडायला निघालेला नव्हता. त्याने स्वतःच नवं पंचांग काढलं होतं. त्याचं नाव विनायक उर्फ केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणायचे.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ चा, अलिबागजवळच्या नागावचा. शिक्षणासाठी ते मुंबईत आले आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. तिथं त्यांना दोन मोठी माणसं भेटली. एक म्हणजे दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर आणि दुसरे खगोलशास्त्राचे इंग्रज प्राध्यापक ऑर्लिबार.

१८४० साली, म्हणजे आजच्या दहावीच्या पोराच्या वयात, केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लागले. हवामान आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांच्या नोंदी ठेवायचं हे काम. ठरलेल्या वेळी उपकरण बघायचं आणि जे दिसेल तेच लिहायचं. आपल्याला काय वाटतं किंवा काल काय होतं, याला तिथं किंमत नाही.

अशी सुमारे दहा वर्षं गेली. पुढे १८५१ मध्ये ते पुण्याला आले आणि शिकवू लागले. ज्या पूना कॉलेजचं पुढे डेक्कन कॉलेज झालं, तिथं ते गणिताचे प्राध्यापक झाले. मराठीतून पदार्थविज्ञान आणि गणिताची पुस्तकं लिहिणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांचं नाव घेतलं जातं. १८७० च्या दशकात त्यांच्या हाताखाली गणित शिकून गेलेला एक विद्यार्थी पुढे लोकमान्य टिळक झाला.

पण केरूनानांच्या डोक्यात घर केलेला विषय वेगळाच होता. पंचांग.

त्या काळी महाराष्ट्रातली पंचांगं ज्या ग्रंथावरून तयार व्हायची त्याचं नाव ग्रहलाघव. हा ग्रंथ गणेश दैवज्ञांनी शके १४४२ म्हणजे इसवी सन १५२० च्या सुमारास लिहिला. गणेश दैवज्ञ मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे. म्हणजे केरूनानांच्या नागावच्याच किनारपट्टीवरचे.

गणेश दैवज्ञ आणि त्यांचे वडील केशव हे स्वतः आकाशाचे वेध घेणारे होते. जुन्या सिद्धांतग्रंथांचे आकडे आकाशाशी जुळत नाहीत हे बघून त्यांनी कोणत्या ग्रहासाठी कोणता सिद्धांत जवळ जातो ते तपासलं, फरक दुरुस्त केला आणि गणित सोपं केलं. इतकं सोपं की गावातला जोशीही ते करू शकत होता. म्हणूनच ग्रहलाघव घरोघर पोहोचलं.

पण त्याला आता साडेतीनशे वर्षं होत आली होती. गणेश दैवज्ञांनी दुरुस्ती केली, त्यानंतर दुरुस्तीच झाली नाही. आकाश बघणं थांबलं आणि ग्रंथ बघणं सुरू राहिलं.

चूक नेमकी कुठं होती?

तिथी म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत असतात. तिथून चंद्र सूर्याच्या पुढं १२ अंश गेला की एक तिथी संपते. असे १२-१२ अंशांचे ३० टप्पे म्हणजे एक महिना. चंद्र कधी जोरात पळतो, कधी रेंगाळतो, त्यामुळं तिथी कधी लहान होते तर कधी मोठी.

जुन्या गणिताप्रमाणं तिथी ६० घटकांच्या दिवसापेक्षा जास्तीत जास्त ५ घटकांनी वाढायची आणि ६ घटकांनी कमी व्हायची. यालाच बाणवृद्धी रसक्षय म्हणतात. बाण म्हणजे ५ आणि रस म्हणजे ६. एक घटका २४ मिनिटांची.

आकाशात मात्र असं होत नाही. सूर्याच्या ओढीमुळं चंद्राच्या गतीत आणखी फरक पडतात आणि ते जुन्या गणितात धरलेलेच नव्हते. ते धरले तर तिथी ७ घटकांपर्यंत वाढते आणि १० घटकांपर्यंत कमी होते.

यात एक गंमत आहे. अमावास्या आणि पौर्णिमेला जुनं गणित बऱ्यापैकी बरोबर यायचं. कारण ग्रहणं याच दोन दिवशी होतात, आणि ग्रहण ही अशी गोष्ट आहे की ती चुकली तर साऱ्या गावाला कळतं. त्यामुळं जुन्या लोकांनी आकडे तिथं नीट बसवले होते. पण अष्टमी, एकादशी अशा मधल्या तिथींना चूक ४-५ तासांपर्यंत जाऊ शकत होती. आणि अष्टमी कधी संपली हे नुसत्या डोळ्यांनी कुणाला दिसणार?

म्हणजे ग्रहण वेळेवर लागायचं, लोकांचा पंचांगावर विश्वास बसायचा आणि त्याच विश्वासावर एकादशी चुकायची.

४-५ तासांनी काय बिघडतं, असं आज वाटू शकतं. पण एकादशीच्या उपवासाचा नियम बघा. वारकरी भागवत एकादशी पाळतात. सूर्योदयाआधी ४ घटका, म्हणजे ९६ मिनिटं आधी अरुणोदय होतो. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर उपवास त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. म्हणजे काही घटकांची चूक उपवासाचा दिवसच बदलून टाकते. श्राद्धाचंही तसंच. दुपारनंतर, अपराह्णकाळी कोणती तिथी आहे यावर बापाचं श्राद्ध आज की उद्या हे ठरतं.

ज्याची श्रद्धा आहे त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

केरूनानांनी आधी साधन तयार केलं. १८६० साली त्यांचा ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ निघाला. युरोपातल्या ज्योतिषांनी दुर्बिणीने वेध घेऊन जे नवे आकडे काढले होते, ते इंग्रजी-फ्रेंच ग्रंथांतून घेऊन त्यांनी मराठीत आणि आपल्या पंचांगाच्या पद्धतीत बसवले. इंग्रजी न येणाऱ्या जोशीबुवांनाही ग्रहांची खरी जागा काढता यावी, हा हेतू.

मग १८६५ मध्ये, शके १७८७ ला, त्यांनी थेट पंचांगच छापलं. आबासाहेब पटवर्धनांचा त्याला आश्रय होता. म्हणून या पंचांगाला नाव पडलं पटवर्धनी पंचांग.

आणि इथूनच खरा वाद सुरू झाला.

केरूनानांचं पंचांग दोन बाबतींत वेगळं होतं. पहिली बाब तिथीची. ती वर सांगितली. दुसरी बाब होती राशिचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची याची.

आपली पंचांगं मेष राशीची सुरुवात ताऱ्यांच्या आधाराने धरतात. वसंतात दिवस आणि रात्र समान होतात तो बिंदू दरवर्षी थोडा थोडा मागं सरकतो. त्यामुळं तो बिंदू आणि मेषेची सुरुवात यांच्यात अंतर पडत जातं. या अंतराला अयनांश म्हणतात. ग्रहलाघवाच्या हिशोबाने १८६५ मध्ये हे अंतर २२ अंशांच्या थोडं वर होतं.

केरूनानांनी रेवती नक्षत्रातला एक बारीक तारा आरंभाचा म्हणून धरला. त्या ताऱ्यापासून मोजलं तर अंतर येत होतं सुमारे १८ अंश. फरक ४ अंशांचा. सूर्य दिवसाला साधारण १ अंश चालतो. म्हणजे पटवर्धनी पंचांगात मकर संक्रांत जवळपास ४ दिवस आधी येऊ लागली.

हा फरक एवढा मोठा का? कारण जुन्या ग्रंथांतलं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा साधारण साडेतीन मिनिटांनी मोठं होतं. साडेतीन मिनिटं वर्षाला काहीच नाहीत. पण तेराशे वर्षं साठत गेली की त्यांचे ३ दिवस होतात.

संक्रांत सरकली की त्यासोबत अधिक महिनाही कधीकधी बदलतो. कारण ज्या चांद्र महिन्यात संक्रांत येत नाही तो अधिक. आणि अधिक महिना बदलला तर गणपती, दसरा, दिवाळी सगळंच एका महिन्याने इकडंतिकडं.

आता विचार करा. गाव एका दिवशी दिवाळी करतंय आणि तुमच्या घरात ती महिन्याभरापूर्वीच होऊन गेलीय. गणित बरोबर असेलही, पण फराळाला येणार कोण?

पंडितांचा विरोध नुसत्या हट्टातून होता असं म्हणणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. त्यांचा एक मुद्दा होता. ग्रहण, ग्रहांचे उदय-अस्त या डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांच्यासाठी नवं गणित वापरा. पण व्रताचं पुण्य डोळ्यांना दिसत नाही. ते शास्त्राच्या वचनाने मिळतं. मग त्याची वेळही शास्त्राने सांगितलेल्या गणितानेच काढली पाहिजे. व्रतांचे निर्णय सांगणारे निर्णयसिंधू, धर्मसिंधू असे ग्रंथ रूढ तिथीच्या हिशोबाने वापरले जात होते. तिथी १० घटकांनी घटू लागली तर त्यातल्या नियमांची घडी विस्कटेल ही भीती होती.

केरूनानांची बाजू याच्या उलट होती. शास्त्र सांगतं एकादशीला उपवास करा. एकादशी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं ठरलेलं अंतर. ते अंतर आकाशात पडलेलंच नसेल तर तो उपवास एकादशीचा कसा? मुळात सूर्य-चंद्र कुठं आहेत हे सांगण्यासाठीच तर ज्योतिष आहे. आणि गणेश दैवज्ञांनी तेच केलं होतं. त्यांनी जुन्यांना दुरुस्त केलं, तो धर्म ठरला. मग त्यांच्या गणिताला दुरुस्त केलं तर तो अधर्म कसा?

हा वाद एकट्या पुण्याचा नव्हता. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत कॉलेजात होते. त्यांनीही पुढे आधुनिक गणितावरून पंचांग काढलं. मद्रासच्या वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचार्य यांनीही तसंच केलं.

युरोपातही हे होऊन गेलं होतं. ईस्टरचा दिवस ऋतूंपासून सरकत चालला म्हणून १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी कॅलेंडर दुरुस्त केलं आणि १० दिवस गाळून टाकले. गणित बरोबर होतं. पण ते पोपचं होतं म्हणून प्रोटेस्टंट इंग्लंडने स्वीकारायला १७५२ साल उजाडू दिलं.

केरूनानांना विरोध फक्त जुन्या बाजूने झाला असंही नाही. नव्या बाजूनेही झाला.

विसाजी रघुनाथ लेले नावाचे ज्योतिषी होते. त्यांनी इंदुप्रकाश पत्रातून टोपणनावाने केरूनानांना गाठलं. त्यांचा सवाल सरळ होता. आकाशाशीच जुळवायचं ठरवलंय ना, मग ताऱ्यांपासून कशाला मोजता? मकर संक्रांतीला उत्तरायण लागतं असं म्हणतात. पण दिवस मोठा व्हायला लागतो डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपास. मग संक्रांतही तेव्हाच करा. या मताला सायन म्हणतात.

म्हणजे जुन्या लोकांच्या मते केरूनाना फार पुढं गेले होते आणि लेल्यांच्या मते ते अर्ध्यातच थांबले होते.

पुढे शके १८०६ पासून लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी वेगळं सायन पंचांग सुरू केलं. यातल्या दीक्षितांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्र हा मोठा ग्रंथ लिहिला. केरूनानांचं काम आणि हा सगळा वाद पुढच्या पिढ्यांना कळला तो मुख्यतः या ग्रंथामुळं.

पटवर्धनी पंचांग निघत राहिलं, पण वापरलं फार थोड्या घरांनी. सरकारने केरूनानांना १८७७ मध्ये रावबहादूर केलं. विद्यार्थ्यांमध्ये त्यांना मान होता. पण ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला ती गोष्ट लोकांनी मनावर घेतली नाही. १९ मार्च १८८४ ला केरूनाना गेले. तेव्हा महाराष्ट्र ग्रहलाघवावरच चालला होता.

पण गोष्ट इथं संपत नाही.

टिळकांनी मास्तरांचा विषय सोडला नाही. १८९३ च्या ओरायन ग्रंथात त्यांनी ताऱ्यांच्या जागांवरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला. पंचांग शुद्ध झालं पाहिजे हा आग्रह त्यांनी धरला आणि १९०४ मध्ये मुंबईत याच प्रश्नावर ज्योतिषांची परिषद भरली. केरूनानांचा रेवतीचा तारा घेऊन चालणारं पंचांग पुढे टिळक पंचांग म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कोकणात आजही काही घरं ते पाळतात. त्यांची संक्रांत १४ जानेवारीच्या काही दिवस आधी होते आणि एखाद्या वर्षी दिवाळीही गावाच्या आधी होऊन जाते.

दुसरीकडं व्यंकटेश बापूजी केतकर यांनी वेगळा रस्ता धरला. नवं गणित त्यांनी पूर्ण घेतलं, पण आरंभ ठरवायला रेवतीऐवजी ठळक दिसणारा चित्रा तारा आधाराला घेतला. यात फायदा असा की संक्रांत आणि अधिक महिने रूढ पंचांगाच्या जवळ राहिले. तिथी खरी झाली आणि गावाची दिवाळीही मोडली नाही.

लोकांनी हे स्वीकारलं.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये सरकारने शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्यात नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर हे दोन मराठी सदस्य होते. १९५५ मध्ये अहवाल आला. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचं वर्ष वसंतातल्या समान दिवस-रात्रीनंतर सुरू होतं, म्हणजे लेल्यांच्या सायन मताप्रमाणं. सणवारांच्या पंचांगासाठी चित्रा ताऱ्याशी जुळणारा अयनांश घेतला गेला. आणि सूर्य-चंद्राचं गणित पूर्णपणे आधुनिक ठरलं, जे केरूनाना १८६० पासून सांगत होते.

या सगळ्या हिशोबात केरूनाना जिंकले की हरले?

त्यांनी दोन गोष्टी एकत्र मांडल्या होत्या. पहिली, चंद्र कुठं आहे ते नीट मोजा. ही विज्ञानाची गोष्ट होती. तिचं उत्तर एकच असतं आणि कुणीही वेध घेऊन ते तपासू शकतो. इथं विरोध टिकला नाही. आज सोलापूरचं दाते पंचांग घ्या किंवा १९७३ ला सुरू झालेलं कालनिर्णय घ्या, तिथी आकाशातल्या चंद्राप्रमाणंच दिलेली असते. ज्या पंडितांनी नव्या गणिताला नाकारलं, त्यांचे वंशजही आता त्याच तिथीला श्राद्ध करतात.

दुसरी गोष्ट, राशिचक्र कुठून सुरू करायचं. याचं उत्तर दुर्बीण देत नाही. रेवती घ्या, चित्रा घ्या किंवा समान दिवस-रात्रीचा बिंदू घ्या. हा माणसांनी मिळून ठरवायचा प्रश्न आहे. इथं केरूनानांचं म्हणणं बहुतेकांनी मानलं नाही. कारण सण एकट्याने करायचा नसतो.

श्रद्धा आणि विज्ञान यांच्या भांडणात बऱ्याचदा या दोन गोष्टींची गल्लत होते. मोजून ठरणारी गोष्ट लोक श्रद्धेची म्हणून मोजूच देत नाहीत. आणि मिळून ठरवायची गोष्ट कुणीतरी विज्ञानाच्या नावाने लादू बघतो. केरूनानांच्या काळात दोन्ही झालं. दोन्ही वेगळ्या करायला पुढची सत्तर वर्षं लागली.

आज औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अब्जावधी वर्षांपूर्वी कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तेव्हा उठलेल्या लहरी इथं मोजल्या जाणार आहेत. त्याच परिसरात महाशिवरात्रीला ज्योतिर्लिंगासमोर रांगा लागतात.

त्या रांगेतला भाविक ज्या रात्री जागरण करतो, ती रात्र आधुनिक गणितानेच ठरलेली असते. त्यामुळं त्याच्या भक्तीत काही कमी पडलेलं नाही. नर्सीच्या परतवारीची एकादशीही आता आकाशातल्या चंद्राशी जुळते.

केरूनानांना हेच तर हवं होतं.